तरुण वयातला स्तनाचा कर्करोग: आधार आणि शिक्षणाचा कार्यक्रम कसा आखावा?

प्रश्न विचारणाऱ्या ताई एका कर्करोग विभागात वैद्यकीय समाजसेविका आहेत. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या, पंचेचाळिशीच्या आतल्या महिलांसाठी कार्यक्रम सुरू करायचं काम त्यांच्याकडे आलं आहे. त्यांचा आराखडा असा: महिन्याला एक व्याख्यान, विषय आहार, व्यायाम आणि सकारात्मक विचार, शेवटी बऱ्या झालेल्या एखाद्या महिलेचं मनोगत. यात आणखी काय असावं, आणि कार्यक्रमाचा खरंच उपयोग होतोय हे कशावरून ओळखावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, हे काम तुम्ही अंगावर घेतलंत याचा मनापासून आनंद आहे. मी समुपदेशक म्हणून कर्करोग विभागात बरीच वर्षं काम करते आहे आणि त्यातला मोठा भाग याच वयाच्या बायकांबरोबर गेला. तुमच्या आराखड्यात मला आधी खटकली ती वेळ. या वयाच्या रुग्णाला लागणाऱ्या बऱ्याचशा माहितीला मुदत असते. मुदत उलटून गेल्यावर तीच माहिती दिली, तर उपयोग तर होत नाहीच, वर जखमेवर मीठ चोळल्यासारखं होतं. केमो संपून वर्ष झालेल्या, मूलबाळ नसलेल्या मुलीला ‘केमोआधी स्त्रीबीजं गोठवता येतात’ हे व्याख्यानात पहिल्यांदा कळलं, तर तिचं काय होत असेल याची कल्पना करा. म्हणून विषयांची यादी बाजूला ठेवा आणि आधी हे लिहून काढा: निदानाच्या आठवड्यात काय कळायला हवं, केमो सुरू होण्याआधी काय, उपचार संपताना काय, हार्मोनच्या गोळ्या (कर्करोगाला शरीरातल्या हार्मोनचं बळ मिळू न देणाऱ्या) सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी काय, दोन वर्षांनी काय. तुमचा कार्यक्रम उपचार ‘पूर्ण झालेल्या’ महिलांसाठी आहे असं तुम्ही लिहिलंय. तो निदानापासून सुरू करा. यात तडजोड करू नका.

या वयासाठी वेगळा कार्यक्रम कशाला, असं तुम्हाला वरिष्ठ विचारतील. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आकडेवारीत, तिथे दरवर्षी नव्याने निदान होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९ टक्के ४५ वर्षांखालच्या महिलांमध्ये असतात. म्हणजे या मुली प्रत्येक रांगेत एकट्या पडतात. बाकावर शेजारी बसलेली बाई त्यांच्या आईच्या वयाची. हातात पडणारी पुस्तिका पाळी गेलेल्या बाईला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली. आजारही बऱ्याचदा जास्त आक्रमक असतो. ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ प्रथिन, तिन्ही नसलेला) आणि हर-२ पॉझिटिव्ह (हर-२ प्रथिन जास्त असलेला) या प्रकारांचं प्रमाण तरुण वयात जास्त आढळतं, त्यामुळे केमो टळत नाही. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तीन तरुण रुग्णांनी मिळून यंग सर्व्हायव्हल कोएलिशन ही संस्था काढली, ती याच एकटेपणातून. पुढे २०१० मध्ये अमेरिकेच्या आरोग्य कायद्यात ‘अर्ली अ‍ॅक्ट’चा समावेश झाला आणि तरुण रुग्णांच्या आधाराचे आणि शिक्षणाचे कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थांना सीडीसीमार्फत सरकारी पैसा मिळू लागला. म्हणजे ही गरज आता पुरेशी मान्य झालेली आहे. वरिष्ठांना पटवताना तुम्ही काही नवीन मागताय असं वाटून घेऊ नका.

आता मुदतीच्या गोष्टी. सगळ्यात तातडीची मातृत्वाची. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं बीजांडकोशाला इजा करतात आणि वय जितकं जास्त तितकी पाळी कायमची जाण्याची शक्यता जास्त. स्त्रीबीजं किंवा भ्रूण गोठवायचे तर साधारण दोन आठवडे लागतात आणि आता त्यासाठी पाळीच्या ठरावीक दिवसाची वाट बघावी लागत नाही. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या बळावर वाढणाऱ्या, आजारात बीजं वाढवण्याच्या इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोल देतात, म्हणजे इस्ट्रोजेन फार चढत नाही. दुसरा उपाय केमो चालू असताना बीजांडकोश झोपवून ठेवणाऱ्या इंजेक्शनांचा. पोएम्स या चाचणीत (२०१५) हार्मोन रिसेप्टर निगेटिव्ह आजार असलेल्या महिलांना केमोबरोबर गोसेरेलिन हे असं इंजेक्शन दिलं, तेव्हा दोन वर्षांनी बीजांडकोश निकामी झाल्याचं प्रमाण ८ टक्के होतं. ज्यांना दिलं नाही त्यांच्यात २२ टक्के. हा बीजं गोठवण्याला पर्याय नाही, त्याच्या जोडीचा उपाय आहे, हेही सांगायला हवं.

यातलं कुठलंच तुम्ही स्वतः समजावून सांगायचं नाही. तुमचं काम एवढंच की पहिली केमो ठरण्याआधी हा प्रश्न प्रत्येकीला विचारला गेला की नाही ते पाहणं, आणि वंध्यत्वतज्ज्ञाची वेळ दोन-तीन दिवसांत मिळेल अशी घडी बसवून ठेवणं. ‘प्रत्येकीला’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. अविवाहित आहे म्हणून, दोन मुलं आहेत म्हणून, आजार पुढे गेलाय म्हणून आपणच मनात ठरवून टाकतो की हिला विचारायची गरज नाही. २००४ मध्ये डॉ. अ‍ॅन पार्ट्रिज आणि सहकाऱ्यांनी ६५७ तरुण रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, तीही यंग सर्व्हायव्हल कोएलिशनच्या मदतीने. निदानाच्या वेळी वंध्यत्वाची मोठी चिंता होती असं ५७ टक्के जणींनी सांगितलं, आणि या चिंतेचा उपचारांच्या निर्णयावर परिणाम झाला असं २९ टक्के जणींनी. पाहणीतल्या निम्म्याच जणींना आपल्या शंकांचं पुरेसं निरसन झालं असं वाटलं होतं.

दुसरी मुदतीची गोष्ट जनुकीय तपासणीची. तरुण वयात निदान झालेल्या प्रत्येकीला ती सुचवली जाते, कारण बीआरसीए-१ किंवा २ या जनुकांमध्ये दोष निघाला तर शस्त्रक्रियेचा निर्णय बदलू शकतो, औषधं बदलू शकतात, आणि पुढे बीजांडकोशाच्या कर्करोगाची जोखीम सांभाळावी लागते. ही जोखीम ऐंशीव्या वर्षापर्यंत बीआरसीए-१ मध्ये ४४ टक्क्यांच्या आणि बीआरसीए-२ मध्ये १७ टक्क्यांच्या आसपास जाते. पण कार्यक्रमाच्या दृष्टीने अवघड भाग अहवाल हातात आल्यानंतर सुरू होतो. बहिणीला कसं सांगायचं? काकाला सांगायचं का, त्याच्या मुलींसाठी? लग्न ठरत असलेल्या धाकटीला आत्ता सांगायचं की नंतर? याची उत्तरं डॉक्टरांच्या खोलीत मिळत नाहीत. इथे जनुकीय समुपदेशक आणि याच वाटेने गेलेली एखादी बाई, दोघी मिळून फार मोठं काम करतात. नातेवाइकांना दाखवता येईल असं एक पानी पत्र तयार ठेवा. बोलायची सुरुवात त्या पत्राने होते.

उपचार संपतात त्या दिवसाबद्दल थोडं थांबून लिहिते. बाहेरच्यांना वाटतं आता आनंद व्हायला हवा. प्रत्यक्षात शेवटच्या रेडिएशननंतरचे पहिले काही महिने अनेकींना केमोपेक्षा जड जातात. तोवर रोज कोणीतरी तपासत होतं, रक्त बघत होतं, नर्स नावाने हाक मारत होती. एकदम ‘तीन महिन्यांनी या’. घरचे, ऑफिसातले सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि तिच्याकडून पूर्वीच्या बाईची अपेक्षा सुरू होते. तिला मात्र थकवा आहे, नावं आठवत नाहीत, रात्री घाम येऊन जाग येते, छातीवरचा व्रण ओढतो.

या टप्प्यासाठी २००५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सुचवलं की प्रत्येक रुग्णाला उपचारांचा सारांश आणि पुढच्या देखभालीचा लेखी आराखडा द्यावा. कल्पना चांगली, आणि असा कागद हवाच. पण २०११ मध्ये कॅनडातल्या ४०८ महिलांवरच्या चाचणीत आढळलं की आराखडा दिलेल्या आणि न दिलेल्या महिलांच्या मानसिक त्रासात फरक पडला नाही. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. कागद कपाटात जातो. म्हणून तुमच्याकडे हा कागद देण्यासाठी तासाभराची वेगळी भेट ठेवा. त्यात नर्सने तिच्याबरोबर बसून तो वाचायचा, तिच्या अक्षरात तिच्या शंका त्यावर लिहून घ्यायच्या आणि कोणत्या तक्रारीसाठी कोणाला फोन करायचा हे नंबरासकट भरायचं. पुढचा फोन तुम्ही करायचा, साधारण महिन्याने. ‘काही लागलं तर फोन करा’ म्हटलं की या बायका फोन करत नाहीत. त्यांना वाटतं आपण उगाच त्रास देतोय.

आता हार्मोनच्या गोळ्या. माझ्या मते तुमच्या कार्यक्रमाचा जीव वाचवणारा भाग हाच आहे, आणि तुमच्या आराखड्यात तो नाही. रिसेप्टर पॉझिटिव्ह आजारात टॅमॉक्सिफेन किंवा तशी औषधं पाच ते दहा वर्षं घ्यायची असतात. जोखीम जास्त असेल तर सोबत बीजांडकोश थांबवणारी इंजेक्शनं. म्हणजे बत्तीस-पस्तीसच्या वयात एका महिन्यात रजोनिवृत्ती. फ्रान्समधल्या कँटो या अभ्यासात (२०२०) पाळी न गेलेल्या ११७७ महिलांच्या रक्तातलं टॅमॉक्सिफेन मोजलं. गोळी लिहून दिल्यानंतर वर्षभराने १६ टक्के जणींच्या रक्तात ते पुरेसं नव्हतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी ‘गोळी नियमित घेते’ असंच सांगितलं होतं. त्यांना खोटारड्या ठरवू नका. ज्या डॉक्टरांनी जीव वाचवला त्यांना ‘मला ही गोळी सोसवत नाही’ असं सांगणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटतं.

आमच्या एका सत्रातला प्रसंग सांगते, ओळख कळणार नाही इतपत बदलून. विषय जाहीर केला होता ‘गोळ्यांचे दुष्परिणाम’. गरम वाफा, सांधे दुखणं, एवढंच बोलणं चाललं होतं. मग आम्ही सगळ्यांना एकसारखे कागद आणि एकसारखी पेनं दिली. नियम असा की प्रत्येकीने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ असं लिहायचं. त्यामुळे कोण लिहितंय आणि कोण नाही हे कोणालाच कळत नाही. खोक्यातली पहिली चिठ्ठी उघडली: ‘नवरा जवळ आला की मी झोपेचं सोंग घेते. फार दुखतं. मी गोळी बंद केली आहे, घरी कोणाला माहीत नाही.’ स्त्रीरोगतज्ज्ञ बाई शेजारीच होत्या. त्यांनी ती चिठ्ठी शांतपणे दोनदा वाचली आणि सरळ उत्तराला हात घातला: कोरडेपणा हा औषधाचा परिणाम आहे, हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर आठवड्यातून काही वेळा नियमाने वापरायचं असतं आणि वंगण-जेली संबंधांच्या वेळी, दोन्हींची कामं वेगळी आहेत, एवढ्याने भागलं नाही तर पुढचे उपाय आहेत, पण ते कर्करोगतज्ज्ञांशी बोलून, ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी असते, गोळी सोसत नसेल तर औषध बदलता येतं, मध्ये थोडी विश्रांतीही देता येते, पण ते आपलं आपण ठरवायचं नाही. त्यानंतरच्या चिठ्ठ्या वाचताना लक्षात आलं की तोच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत आला होता. त्या आठवड्यात कोणाकोणाचे फोन आले ते मी सांगणार नाही, पण गोळी पुन्हा सुरू झाली.

म्हणून लैंगिक आरोग्य हा ‘वेळ उरला तर’चा विषय ठेवू नका. आणि त्याच सत्रात गर्भनिरोधनाचंही बोला, कारण पाळी बंद आहे म्हणजे गर्भ राहणार नाही असा समज घट्ट असतो. केमोनंतर थांबलेली पाळी महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी परत येते. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहिला तर बाळाला धोका असतो. हार्मोन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, तांबी (कॉपर-टी) किंवा निरोध चालतो.

गरम वाफांसाठी एक चांगली गोष्ट आहे जी तुम्हाला गटात करता येईल. ब्रिटनमधल्या मेनॉस-१ या चाचणीत (२०१२) स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर वाफांचा त्रास होणाऱ्या महिलांना आठवड्याला दीड तास अशी सहा गट-सत्रं दिली, वर्तनोपचाराच्या पद्धतीची: श्वासाची लय, झोपेची शिस्त, वाफ आल्यावर मनात उठणारे विचार. वाफांची संख्या फारशी बदलली नाही, पण त्यांचा जाच कमी झाला, झोप सुधारली. तसंच, मन उदास आहे म्हणून कोणी दुसरीकडे दाखवून पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन सुरू केलं असेल, तर कर्करोगतज्ज्ञांना कळवायला सांगा. ही औषधं यकृतातल्या त्या एन्झाइमला अडवतात ज्याच्यामुळे टॅमॉक्सिफेनचं काम करणारं रूप तयार होतं. दुसरी औषधं उपलब्ध आहेत. ही एक ओळ पुस्तिकेत ठळक छापा.

मूल हवं असलेल्यांसाठी आता पूर्वीपेक्षा बरीच चांगली माहिती देता येते. पॉझिटिव्ह या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०२३) ४२ वर्षांपर्यंतच्या, पहिल्या ते तिसऱ्या स्टेजच्या महिलांनी दीड ते अडीच वर्षं हार्मोनचे उपचार घेऊन मग गर्भधारणेसाठी जास्तीत जास्त दोन वर्षं ते थांबवले. तीन वर्षांत कर्करोग परतण्याचं किंवा नव्याने होण्याचं प्रमाण ८.९ टक्के निघालं. तुलनेच्या गटात ९.२ टक्के होतं. गर्भधारणेचा मागोवा घेतलेल्या ४९७ जणींपैकी ३१७ जणींना बाळ झालं. सांगताना दोन गोष्टी गाळू नका. एक, यात बहुतेक जणी पहिल्या-दुसऱ्या स्टेजच्या होत्या आणि हा आजार दहा-वीस वर्षांनीही परतू शकतो, त्यामुळे पाठपुरावा अजून चालू आहे. दोन, बाळ झाल्यावर गोळ्या पुन्हा सुरू करायच्या असतात. गोळी थांबवल्यावर गर्भधारणेआधी साधारण तीन महिने जाऊ द्यावे लागतात, हेही पक्कं सांगा. ज्यांना मूल झालं नाही त्यांच्यासाठी याच सत्रात जागा ठेवा. बाळाच्या बातम्या ऐकून एखादी उठून बाहेर गेली, तर तिच्या मागे कोणीतरी जायला हवं. ते काम आधीच एकीकडे सोपवून ठेवा.

‘सकारात्मक विचार’ हे व्याख्यान मात्र काढून टाका. तुमचा हेतू चांगला आहे हे मला ठाऊक आहे. पण विचार सकारात्मक ठेवल्याने कर्करोग परतत नाही असा पुरावा नाही, आणि ऐकणारी उलटा अर्थ घेते: परतला तर माझंच मन कमकुवत होतं. मी हे वाक्य आजार परतलेल्या बायकांच्या तोंडून ऐकलंय आणि ते ऐकणं फार कठीण असतं. त्या जागी भीतीवर सत्र घ्या. आजार परत येण्याची भीती तरुण वयात जास्त असते, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलंय. ही भीती अवास्तव नाही, म्हणून ‘घाबरू नका’ म्हणून भागत नाही. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या ‘कॉन्कर फिअर’ या पद्धतीत पाच वैयक्तिक सत्रं असतात. भीती घालवण्याऐवजी तिच्याकडे किती लक्ष द्यायचं हे शिकवतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या शिथिलीकरणापेक्षा तिचा फायदा जास्त दिसला.

गटात मी या विषयाचा व्यवहारी भाग आधी घेते. कोणती लक्षणं डॉक्टरांना कळवायची: नवी गाठ, व्रणाजवळ पुरळ, दोन-तीन आठवडे टिकलेलं आणि वाढत जाणारं हाडाचं दुखणं, न थांबणारा खोकला, कारण नसताना वजन उतरणं, सतत वाढती डोकेदुखी. बाकी दुखणी दुखणीच असतात. मग पाठपुरावा कसा असतो: पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, स्तन राखले असतील तर वर्षाला मॅमोग्राम. काही त्रास नसताना दर भेटीत पेट स्कॅन किंवा ट्यूमर मार्कर (कर्करोगाच्या खुणा शोधणारी रक्ततपासणी) करण्याची शिफारस नाही. हे कळल्यावर बऱ्याच जणींना धक्का बसतो, ‘माझ्याकडे दुर्लक्ष होतंय’ असं वाटतं. त्यामागचं कारण नीट समजावलं, की अशा तपासण्यांनी आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही आणि खोट्या धोक्याच्या सूचनांनी पुढच्या तपासण्यांचं शेपूट लागतं, तर त्या शांत होतात. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात मात्र भीती उसळतेच. आमच्याकडे जुन्या सभासद त्या आठवड्यात नव्या सभासदाला एक निरोप पाठवतात, एवढंच. तेवढ्याने पुष्कळ होतं.

गटाबद्दल लिहिताना आधी खरं ते सांगते. १९८९ मध्ये डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या आणि आधारगटात जाणाऱ्या महिला जास्त जगल्याचं दिसलं, आणि त्याचा फार गाजावाजा झाला. पुढे २००१ मध्ये २३५ महिलांच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं आढळलं नाही. मात्र मनाची अवस्था सुधारली, वेदना कमी जाणवल्या, आणि ज्या जास्त त्रासात होत्या त्यांना जास्त फायदा झाला. तेव्हा गटाच्या पत्रकावर ‘जास्त जगाल’ असं कुठेही सुचवू नका. दुःख कमी होतं, एवढ्यासाठी गट असावा.

समवयस्क मदतीची परंपरा जुनी आहे. १९५२ मध्ये टेरीस लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर ‘रीच टू रिकव्हरी’ सुरू केलं; शस्त्रक्रिया झालेल्या बाईला त्यातून गेलेली दुसरी बाई भेटायला जायची. त्यातली मूळ गोष्ट आजही खरी आहे: केस परत आलेली बाई समोर बसली की न बोलता बरंच काही कळतं. पण तुमच्या यादीतलं ते ‘मनोगत’ मला धोक्याचं वाटतं. व्यासपीठावरची कहाणी नेहमी सुखान्त निघते. त्याऐवजी एकीला एक अशी जोडी लावा: वय, आजाराचा प्रकार आणि घरची परिस्थिती शक्य तितकी जुळवून. स्वयंसेविकेचे स्वतःचे उपचार संपून निदान वर्ष तरी झालेलं असावं, तिला प्रशिक्षण द्यावं आणि औषधांचा सल्ला द्यायचा नाही हा नियम तिला घोटून शिकवावा. ‘मला अमुक दिलं होतं, तू का घेत नाहीस’ या एका वाक्याने मोठं नुकसान होतं. आणि जोडीतल्या एकीचा आजार परतला तर दुसरीला तातडीने आधार लागतो. त्याची तयारी आधीच असू द्या.

पसरलेल्या आजाराच्या तरुण रुग्णांचा प्रश्न तुमच्यासमोर पहिल्या काही महिन्यांतच येईल. एका गटात ओळखपरेड चालू होती: ‘माझे उपचार मार्चमध्ये संपले’, ‘माझे दिवाळीत’. एका मुलीची बोलायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, ‘माझे संपणार नाहीत, हाडांत आहे.’ पुढच्या दोघी ओळख करून देताना तिच्याकडे बघूच शकल्या नाहीत. ती पुन्हा आली नाही. त्यानंतर आम्ही ओळखीचा प्रश्न बदलला, ‘सध्या कशाने जास्त त्रास होतोय?’ असा केला, आणि चौथ्या स्टेजच्या तरुण रुग्णांसाठी वेगळा गट सुरू केला. मोठ्या कार्यक्रमांना, शिक्षणाच्या सत्रांना सगळ्या एकत्र. बोलण्याच्या गटात कुठे बसायचं हे जिचं तिने ठरवायचं. वेगळा गट चालवण्याइतके लोक नसतील तर दुसऱ्या केंद्राबरोबर मिळून ऑनलाइन चालवा. पण त्या मुलींना कार्यक्रमाच्या बाहेर ठेवू नका. त्यांच्यासाठी दुसरं काहीच नसतं.

व्यायाम तुमच्या यादीत आहे, तो राहू द्या, फक्त व्याख्यानाऐवजी प्रत्यक्ष करून घ्या. आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन-तीन वेळा ताकदीचा व्यायाम असं साधारण प्रमाण आहे. हाताला सूज येईल म्हणून ‘वजन उचलू नका’ असं सांगण्याची पद्धत जुनी झाली. २००९ च्या चाचणीत, सूज असलेल्या १४१ महिलांपैकी निम्म्या जणींनी देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजनं उचलली तरी सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. फिजिओथेरपिस्टला बोलवा. अकाली रजोनिवृत्तीमुळे हाडं ठिसूळ होतात, तेव्हा हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीचंही याच सत्रात सांगून टाका. आहाराला एक सत्र पुरे. साखर बंद केली तर कर्करोग उपाशी मरतो वगैरे समज त्यात खोडून काढा.

लहान मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न आया कायम विचारतात, आणि बहुतेक वेळा दाराच्या मुठीवर हात ठेवून, निघता निघता. मी म्हणते, आजाराचं नाव सांगा, हा तुझ्यामुळे झाला नाही सांगा, हा हात लावल्याने होत नाही सांगा, आणि रोजची कामं कोण करणार ते सांगा. ‘आई मरणार का?’ याचं उत्तर खरं द्यावं लागतं: डॉक्टर औषध देताहेत, मी बरी व्हावी म्हणून सगळे प्रयत्न करताहेत, काही बदललं तर मी तुला सांगेन. किशोरवयीन मुलींच्या मनात ‘मलाही होईल का’ हे असतंच. ते आपणच काढलेलं बरं. जोडीदारांसाठी वर्षातून एक-दोन वेगळ्या बैठका पुरतात, पण त्या पुरुष समुपदेशकाने घेतल्या तर जास्त बोलणं होतं असा माझा अनुभव आहे. ज्यांचं लग्न व्हायचंय किंवा मोडलंय, त्यांना नव्या माणसाला कधी आणि किती सांगायचं याचा सराव हवा असतो. दोघी-दोघींनी खुर्च्या समोरासमोर ठेवून ती वाक्यं मोठ्याने म्हणून बघायची. पहिल्यांदा रडू येतं, तिसऱ्यांदा आवाज स्थिर होतो.

नोकरीबद्दल थोडक्यात: कामावर परतताना टप्प्याटप्प्याने तास वाढवून मागण्याचं पत्र, लक्ष लागत नाही तेव्हा काम लिहून ठेवण्याच्या सवयी, आणि तुमच्याकडच्या रजेच्या व विम्याच्या नियमांची अद्ययावत माहिती देणारा एक माणूस. हा भाग तुम्ही समाजसेविका म्हणून माझ्यापेक्षा चांगला जाणता.

वेळापत्रकाचं एक सांगते. या बायकांना नोकरी आहे, लहान मुलं आहेत. कामाच्या दिवशी दुपारी तीनला सत्र ठेवलं तर येणाऱ्या बायका साठीच्या असतील. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी ठेवा, मुलांना सांभाळायला शेजारच्या खोलीत कोणी असू द्या, आणि निम्मी सत्रं ऑनलाइन घ्या. गट आठ-दहा जणींचा, सहा ते आठ आठवड्यांचा, ठरलेल्या सुरुवातीचा आणि ठरलेल्या शेवटाचा बरा चालतो. कायम उघड्या गटात जुन्या जणी बोलतात आणि नवीन जणी गप्प बसतात. चालवायला दोघी हव्यात, त्यातली एक प्रशिक्षित समुपदेशक. गंभीर नैराश्य किंवा जीव द्यायचे विचार दिसले तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेता येईल अशी सोय पहिल्या सत्राच्या आधी झालेली असली पाहिजे, नंतर नाही.

उपयोग होतोय का, हे हजेरीवरून आणि ‘कार्यक्रम आवडला’ अशा अभिप्रायांवरून कळत नाही. आवडतोच. मी तुमच्या जागी असते तर एवढं मोजलं असतं: केमोआधी मातृत्वाबद्दल किती जणींशी बोलणं झालं, जनुकीय तपासणी सुचवलेल्यांपैकी किती जणींची झाली आणि किती जणींनी नातेवाइकांना सांगितलं, वर्षभराने हार्मोनची गोळी किती जणी घेताहेत, त्रास शून्य ते दहा या मापावर सुरुवातीला किती होता आणि सहा महिन्यांनी किती. आणि ज्या आल्या नाहीत किंवा दोन सत्रांनंतर यायच्या थांबल्या, त्यांना फोन करा. गोळीबद्दल विचारताना ‘घेता ना?’ असं विचारू नका, ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेली?’ असं विचारा. उत्तरं वेगळी येतात.

सुरुवात लहान करा. पहिल्या सहा महिन्यांत केमोआधीची ती विचारपूस आणि हार्मोनच्या गोळ्यांचं सत्र, एवढं दोनच नीट बसवा. बाकीचं त्यानंतर जोडता येईल. आराखडा बदलून झाला की पाठवा, विशेषतः गोळ्यांच्या सत्राची रूपरेषा. ती मी ओळ न ओळ वाचेन.